हिरालालचं ऊन

दोधूनाना आमच्या घरी आले त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखू लागलं. गोळी घेऊन थांबणारं दुखणं नव्हतं ते.

नाना म्हणजे माझी सून रुपा, तिचे वडील. खांडबाऱ्याला राहतात, रेल्वेत वायरमन होते. माझी नात मयूरी तळोद्याच्या कॉलेजात जाते. लहानपणापासून तिचं काही अडलं, सायकलची साखळी उतरो की दप्तराचा बंद तुटो, ती माझ्याकडेच यायची. "आप्पा, हाई करी द्या ना."

या दिवाळीत तिच्या मामानं सुरतेहून तिला एक इग्वाना आणून दिला, रीतसर कागदपत्रांसह. हिरवागार सरडा, शेपटीसकट माझ्या हाताएवढा. तिनं त्याचं नाव हिरालाल ठेवलं. मला त्याचं काही वाटलं नाही. उलट मी खूश होतो, कारण त्याचं घर मीच करणार होतो. वीस वर्षं मी कोंबड्यांची शेड चालवली आहे. थंडीत पिल्लं कशी जगवायची ते मला कुणी शिकवायला नको. खाली भुसा, भुशापासून वीतभर उंचीवर बल्ब, भोवती पत्र्याचं कडं. तसंच रुंद, बुटकं खोकं मी हिरालालसाठी केलं.

हिरालाल दिवसभर खोक्याच्या भिंतीला नखं घासत राहायचा. पौषात थंडी वाढली तसा तो काळपट पडला आणि खायचं सोडलं. मयूरीनं फोन उचलला आणि लावला तो नानांना.

नाना दुसऱ्याच दिवशी हजर. व्याही म्हणजे घरातला मानाचा पाहुणा. त्याच्या ताटात आधी वाढायचं, चांगली खाट त्याला द्यायची, आणि त्याच्या कामाला नावं ठेवायची ती फक्त चेष्टेत. हे सगळं मी केलं. नानांनी आमचं जुनं लोखंडी कपाट अंगणात ओढलं, कप्पे काढले, दारांच्या जागी जाळी बसवली, आत जांभळाची एक फांदी उभी केली. कपाट माझ्यापेक्षा उंच. आणि दिवा त्यांनी ठेवला तो छताला, जाळीच्या बाहेरून, फांदीच्या शेंड्यावर उजेड पडेल असा.

"नाना, चूल डोकावर मांडी ऱ्हायनात का?" मी म्हणालो. "गरम हवा वर जास. दिवा खाले पाहिजे."

नाना हसले. "आप्पा, तुमन्या कोंबड्या जमिनवर फिरतस. हाऊ झाडवरला जीव शे. याले ऊन पाठवर लागस. वर ताप, खाले सावली. जठे बरं वाटी तठे तो सोता जाई."

"म्हणजे सरडाले समजस, आप्पाले नही," मयूरी म्हणाली. दोघं हसले. रुपासुद्धा पदर तोंडाला लावून हसली.

दिव्याशेजारी त्यांनी ट्यूबलाइटसारखी एक पांढरी नळी लावली. ती गरमीसाठी नाही, हाडांसाठी, म्हणाले. तिच्या आणि सरड्याच्या मधे काच आली की तिचा उपयोग नाही, म्हणून वरही जाळीच. दोन तापमापक लावले, एक फांदीच्या शेंड्याला, एक तळाशी. मयूरी येता-जाता वाचायची. "नाना, वर चौतीस! खाली पंचवीस!" जणू परीक्षेचे मार्क सांगत होती.

हिरालाल त्याच दुपारी शेंड्यावर चढला आणि चारही पाय सोडून फांदीवर आडवा झाला. संध्याकाळी त्यानं शेवग्याचा पाला खाल्ला. मयूरीनं नानांच्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर तिनं शेवटचा हात कधी ठेवला होता ते मी आठवत बसलो.

सहाव्या दिवशी दुपारी मयूरी कॉलेजात होती, माझा मुलगा जगदीश पपईच्या शेतात, रुपा शेजारी पापड लाटायला. नाना जेवून झोपले होते. मी कपाटाच्या छतावरचा दिवा सोडवला, जाळी उघडली आणि दिवा सुतळीनं आत टांगला. तळापासून वीतभर उंच, पिल्लांना टांगतात तसा. संध्याकाळी सगळं कपाट खालपासून उबदार लागेल, मयूरी विचारील कुणी केलं, आणि मी सांगीन. एवढंच मनात होतं.

थोड्या वेळानं हिरालाल खाली उतरला आणि दिव्याला टेकून बसला. मला बरं वाटलं. पिल्लू तापलं की आपोआप लांब सरकतं. हाही सरकेल असं मी धरून चाललो आणि शेतात गेलो.

तो सरकला नाही. ऊन त्याला पाठीवर कळतं, कुशीला नाही. मी परत आलो तेव्हा मयूरी त्याला टॉवेलात घेऊन ओट्यावर बसली होती. त्याच्या कुशीची कातडी रुपयाएवढी काळी पडली होती.

"नाना, दिवा खाले तुम्ही लाया?" तिचा आवाज चिरकला. "तुम्हीच तर सांगेल व्हतं, जवळ लावानं नही!"

नानांनी दिव्याकडे पाहिलं. सुतळीकडे पाहिलं. मग माझ्याकडे. रेल्वेतला वायरमन सुतळीनं दिवा बांधत नाही.

"हा बेटा," ते म्हणाले. "थंडी जास्त वाटनी. मन्हीच चूक."

मी बोलू शकलो असतो. बोललो नाही.

सुरतेच्या डॉक्टरला फोटो पाठवला, त्यानं मलम सांगितलं, दिवसातून दोनदा. जगदीशनं मलम आणून दिलं, मयूरीनं ते लावलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. "आप्पा, तुमनंच खोकं बरं व्हतं."

आठवडाभर मी याच वाक्याची वाट पाहत होतो. खरं सांगतो, मला गोड लागलं. पलीकडच्या खाटेवर नाना भिंतीकडे तोंड करून पडले होते.

सकाळी त्यांनी पिशवी भरली. मयूरी त्यांच्या पाया पडली, पण बोलली नाही. मी त्यांना तळोद्याला सोडायला गेलो. नंदुरबारच्या जीपमध्ये माणसं भरत होती.

"नाना, तुम्ही असं का बोलनात?" मी विचारलं.

"मी खांडबाराले ऱ्हास, आप्पा. वरीसमा दोन खेपा येस. तुम्ही तिन्हाजोडे ऱ्हातस. तिन्हा भरोसा तुमनावर ऱ्हावाले पाहिजे."

मला वाटलं होतं ते टोमणा मारतील. टोमणा मी परतवला असता. पण आता मोठेपणातही ते माझ्या पुढे गेले. त्यांनी दिलेल्या भरोशावर मी माझ्याच नातीचा आप्पा म्हणून राहायचं? मी त्यांची पिशवी जीपमधून खाली ओढली.

"काय करी ऱ्हायनात?"

"उतरा. घर चला."

घरी मयूरी हिरालालला मांडीवर घेऊन बसली होती. मी उभ्या उभ्याच सांगितलं. दिवा मी खाली टांगला. नानांनी नाही. त्यांच्यामुळे माझ्या पोटात दुखत होतं म्हणून.

तिनं हिरालालची कूस टॉवेलनं झाकली. मग म्हणाली, "त्याले कोंबडी समजनात का?" आणि रडू लागली. नाना तिच्याजवळ बसले. ती त्यांना म्हणाली, "नाना, माफ करा." मला काहीच म्हणाली नाही.

मग नानांनी दिवा पुन्हा वर घेतला. कपाट उंच, ते स्टुलावर चढले. स्टूल डगमगत होतं.

"आप्पा, जरा धरा."

मी खाली बसून स्टूल धरलं. नानांची पावलं माझ्या नाकासमोर होती. मयूरी वर पाहत होती, नानांच्या हाताकडे. माझ्याकडे तिनं एकदाही पाहिलं नाही. स्टूल हलवावं असं मनात आलं नाही, असं मी म्हणणार नाही. पण दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.