ओजसचा फेरा

स्मृतीने बाबागाडी शेडच्या दारात आणून थांबवली, पायाने ब्रेक दाबला आणि गिरिजाच्या नाकाखाली बोट धरलं. ऊब लागली. तिने बोट काढलं, पुन्हा धरलं. पुन्हा लागली. त्यानंतरच तिने मान वर करून आत पाहिलं.

एरवी तिथे वासरांचं खाद्य असायचं. आज पोती भिंतीकडे सरकवून मधे चार खुर्च्या मांडल्या होत्या. संग्राम मांडीवर स्टील गिटार आडवी घेऊन बसला होता. अंगावर कामाचाच निळा डगला, पायांत चिखलाने भरलेले गमबूट. साताऱ्याला त्याच्या काकांचा ऑर्केस्ट्रा होता. तिथे तो हे वाद्य हवाईयन गिटार म्हणून शिकला आणि जुन्या सिनेमाची गाणी वाजवत राहिला. काउबॉय लोकांच्या नाचाच्या गाण्यांत या वाद्याला केवढा मान आहे, हे त्याला परदेशात, ॲथलोनला आल्यावर कळलं. शहराबाहेरच्या ज्या मोठ्या फार्मवर तो गुरांमागे असायचा, त्याला आसपासचे म्हातारे अजूनही रँच म्हणत. गाणी त्याला तिथेच सुचत, कुरणातून गुरं हाकताना. घरी येऊन तो ती फोनमध्ये गुणगुणून ठेवायचा. इंग्रजी शब्द, साताऱ्याचे उच्चार.

"सिनेमात काउबॉय आणि इंडियन एकमेकांवर गोळ्या झाडतात," फिडल खांद्याला लावत नोएल म्हणाला. "आम्ही दोघांना एकाच डगल्यात बसवलंय."

"जेवायला मात्र दोघांचं लागतं त्याला," अकॉर्डियनवाला फिंतान म्हणाला. मागे ड्रमवर बसलेला त्याचा भाऊ हसला आणि हसता हसताच त्याने ठेका धरला.

गाणं एका काळ्या बैलाचं होतं. पाऊस पडतोय, फाटक उघडं आहे, सगळी गुरं घरी गेली आणि हा एकटाच उभा. शब्द असे, पण चाल अशी की पाय आपोआप हलावेत. दोन कडवी गाऊन झाल्यावर संग्रामने मान वळवून हाक मारली, "नोएल!" नोएलची फिडल उसळून पुढे आली. एक अख्खा फेरा त्याचा. या संगीतात रीतच तशी होती: गाणारा ज्याचं नाव घेईल त्याने पुढचा फेरा घ्यायचा, बाकीच्यांनी नुसता ठेका धरून ठेवायचा. "फिंतान!" अकॉर्डियनचा फेरा झाला.

"ओजस!" संग्रामने हाक मारली.

कोणीच वाजवलं नाही. ठेका तेवढा चालत राहिला. संग्रामच्या हातातली स्टीलची कांडी तारांच्या वर अधांतरी होती. अख्खा फेरा तसाच गेला आणि मग त्याने शेवटचं कडवं धरलं.

स्मृती वाकून गिरिजाचं पांघरूण नीट करू लागली. ते नीटच होतं.

"हा तुझा ओजस रविवारपर्यंत येतोय ना?" आत नोएल विचारत होता. "नाहीतर तेवढा वेळ लोक आमची थोबाडं बघत बसतील."

"येईल," संग्राम म्हणाला. मग त्याला दारातली बाबागाडी दिसली.

ओजस त्यांचा पहिला मुलगा. स्मृती रिंगास्किडीच्या कारखान्यात होती तेव्हा, कॉर्कला, दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मला आणि काचेच्या पेटीतून बाहेर न येताच गेला. नाव त्यांनी पेटीशेजारी उभं राहून घाईघाईत ठेवलं होतं. पुढे स्मृतीने नोकरी बदलली, ते ॲथलोनला आले. इथे हे कोणाला ठाऊक नव्हतं. गिरिजा झाल्यावर तर घरातही ते नाव कोणी घेत नसे.

घरी स्वयंपाकघरात संग्राम कपाट उघडून कप शोधत राहिला. कप ओट्यावरच होते.

"ते नाव काढ," स्मृती म्हणाली.

"गाण्यातून?"

"आणखी कुठून काढायचं राहिलंय?"

त्याने कपाटाचं दार लावलं. "तू नर्सला काय सांगितलंस?"

"कधी?"

"ती गिरिजाचं वजन करायला आली होती. तिने विचारलं, पहिलीच ना? तू हो म्हणालीस. मी तिथेच उभा होतो."

"मग काय सांगायला हवं होतं? ती मान तिरकी करून सॉरी म्हणाली असती. आणि मग प्रत्येक वेळी आली की माझ्याकडे तसंच बघत बसली असती. गिरिजाकडेपण. मला नको होतं ते, संग्राम. एका तरी मुलाकडे लोकांनी साधं बघावं."

"मी तुला काही म्हणालो का?"

"नाही. तू डायरेक्ट गाण्यात घातलंस. ढोल वाजवून."

संग्रामने केटलीचं बटण दाबलं. तिच्यात पाणी नव्हतं. ती रिकामीच करकरली तसं त्याने बटण बंद केलं.

"त्या लोकांना काय सांगितलंयस?"

"एक जण यायचाय म्हटलं."

"कोण जण?"

"वाजवणारा."

"काय वाजवतो तो?"

संग्रामने हातांकडे पाहिलं. अंगठ्याच्या नखाखाली काळं बसलं होतं, ते तो दुसऱ्या नखाने काढू लागला. "ते अजून नाही ठरवलं," तो म्हणाला.

स्मृती खाली बसली. गिरिजा तिच्या पायाशी चटईवर पालथी पडून खेळण्यातली गाय चोखत होती. तिने गाय तिच्या तोंडातून काढली, पुसली, परत दिली.

"नाही घेणार नाव रविवारी," संग्राम म्हणाला. "तिथे नोएललाच अजून एक फेरा देतो. कोणाला कळणारपण नाही."

"बरं," ती म्हणाली.

रविवारी दुपारी चर्चचा पॅरिश हॉल नाचायला आलेल्यांनी भरला होता. बहुतेक जोडपी पिकल्या केसांची, बायकांच्या पायांत खास नाचाचे बूट, पुरुषांचे शर्ट कडक इस्त्रीचे. स्मृती गिरिजाला पोटाशी बांधून मागच्या चहाच्या टेबलाजवळ उभी राहिली. तिथून दार जवळ होतं. टेबलामागे नोएलची बहीण ब्रीडा सँडविचचे त्रिकोण रचत होती.

"बँडवाल्यांच्या प्लेटा मी आधी बाजूला काढते," ब्रीडा म्हणाली. "नाहीतर हे नाचणारे त्यांना चुरासुद्धा ठेवत नाहीत. बघ ना कसे, देवाच्या दारात टेकलेत आणि भूक कॉलेजातली."

स्मृती हसली. तिला हसता आलं याचं तिलाच नवल वाटलं.

तीन-चार गाणी झाली. बांध फोडून शेजारच्या शेतात गेलेल्या गाईचं गाणं झालं तेव्हा लोक मोठ्याने हसले. संग्राम स्टेजवर वेगळाच दिसत होता. कोणाची तरी उसनी हॅट होती, ती सारखी डोळ्यांवर येत होती. मग काळ्या बैलाचं गाणं सुरू झालं. स्मृतीचा हात गिरिजाच्या पाठीवर सपाट झाला. दोन कडवी. "नोएल!" फिडल आली तशी नाचणाऱ्यांनी शिट्टी घातली. "फिंतान!" पुन्हा शिट्टी, कोणीतरी टाचा आपटल्या.

संग्रामने एकदा हॉलच्या मागच्या बाजूला पाहिलं. मग तो ठरल्याप्रमाणे म्हणाला, "नोएल!"

नोएलने फिडल उचलली नाही. त्याने मान हलवली आणि गज संग्रामकडे असा रोखला, जसं काही संग्राम काहीतरी विसरलाय. दुसऱ्याचा फेरा आपण घ्यायचा नाही, तो यायचा असला तरी नाही, हे त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट होतं. तो माइककडे झुकला.

"ओजस!" नोएलने हाक मारली. वरच्या पट्टीत, लांबवून, हॉलच्या पार टोकापर्यंत.

आणि लोकांनी शिट्ट्या घातल्या. आधीच्या दोघांना घातल्या तशाच. एक म्हातारा नाचता नाचता ओरडला, "शाब्बास ओजस!" आणि आपल्या बायकोला गर्रकन फिरवलं.

ठेका चालत होता. त्यावर कोणी वाजवत नव्हतं. जोडपी फिरत राहिली, बूट लाकडावर घासत राहिले. संग्राम कांडी धरून बसला होता. हॅट पुन्हा डोळ्यांवर आली होती आणि या वेळी त्याने ती वर केली नाही. स्मृतीने दाराकडे पाहिलं. ते चार पावलांवर होतं. ती गेली नाही. तो फेरा तिने उभ्याने पूर्ण ऐकला. त्यात ऐकण्यासारखं काहीच नव्हतं.

शेवटचं कडवं संग्रामने गायलं नाही. फिंतानने ते अकॉर्डियनवर काढून वेळ मारून नेली आणि लोकांनी भरपूर टाळ्या वाजवल्या.

"आला नाही का शेवटपर्यंत, तो तुमचा पाचवा?" ब्रीडाने विचारलं. तिच्यासमोर पाच प्लेटा होत्या. "नोएल म्हणाला पाच जण आहेत म्हणून पाच केल्या."

"नाही," स्मृती म्हणाली. "तो नाही येणार."

"अगं बाई. बरा आहे ना?"

स्मृतीने तोंड उघडलं. स्टेजवर कोणीतरी लकी ड्रॉचे नंबर वाचायला लागलं होतं. ब्रीडा हातात चिमटा धरून, खरोखर काळजीने तिच्याकडे बघत होती.

"लहान आहे तो," स्मृती म्हणाली.

"हां, मग बरोबर." ब्रीडाचा चेहरा मोकळा झाला. "पोरं सगळीकडे येतो म्हणतात आणि ऐन वेळी अंथरुणातून उठत नाहीत. माझ्या घरी तीन होती, मला विचार." तिने पाचव्या प्लेटमध्ये केकचा आणखी एक तुकडा ठेवला, थोडा विचार करून अजून एक ठेवला, वर चांदीचा कागद घट्ट बसवला आणि प्लेट स्मृतीच्या हातात दिली. "घरी नेऊन दे त्याला. सांग, ब्रीडा रागावलेली नाही. प्लेट परत करायची काही घाई नाही."

"थँक्यू," स्मृती म्हणाली.

बाहेर पार्किंगमध्ये संग्रामने गिटार डिकीत ठेवली, गिरिजाला मागच्या सीटमध्ये बसवून पट्टे लावले. तो आत येऊन बसला तेव्हा त्याचं लक्ष तिच्या मांडीकडे गेलं.

"हे काय?"

"ओजसचं."

किल्ली त्याच्या हातातच राहिली. हॉलचं दार उघडलं, थोडं संगीत बाहेर आलं, दार मिटलं.

"काय दिलंय?" त्याने विचारलं.

तिने कागदाची एक कड उचलून पाहिलं. "अंड्याचं सँडविच. दोन. आणि केक बराच दिलाय."

"बराच म्हणजे?"

"तीन तुकडे."

संग्रामने मान डोलावली. पुष्कळ वेळ डोलावत राहिला. स्मृतीने कागदाची कड पुन्हा होती तशी दाबून बसवली. नखाने चारी बाजू फिरून बसवल्या आणि प्लेट दोन्ही हातांनी धरली, रस्ता खराब होता म्हणून.