शेवटचे तीनशे मीटर

"हातानं नको ओढू. पायानं ढकल," संघपाल म्हणाला, तेव्हा दचकून स्वातीच्या हातातला दांडा सुटला आणि साखळीसकट खाडकन व्यायामशाळेतल्या मशीनवर जाऊन आदळला. आता हा माणूस रागावणार, असं तिला वाटलं. तो रागावला नाही. तिच्या शेजारी फरशीवरच बसला आणि समजावून सांगू लागला. आधी पाय, मग कंबर, मग हात. परत जाताना आधी हात, मग कंबर, सगळ्यात शेवटी पाय. जोर पायांत असतो, हात नुसते दोर असतात.

ब्रह्मपुरीतल्या त्या कॉलेजची व्यायामशाळा उघडणं, झाडणं आणि बंद करणं एवढंच संघपाल खोब्रागडेचं काम होतं. हजेरीपटावर तो शिपाई. पण त्याआधी सतरा वर्षं तो फौजेत होता आणि त्यातली सहा वर्षं पुण्याला, वल्हवण्याच्या शर्यतींच्या चमूत. आठ जणांच्या नावेत सहाव्या जागेवर बसायचा. एकदा देशाच्या निवडीपर्यंत पोचला, तिथं खांदा निखळला आणि सगळं तिथंच राहिलं. इकडे ही गोष्ट कुणाला सांगण्यात अर्थ नव्हता. वैनगंगेच्या काठची माणसं. नाव वल्हवायला सरकार पगार देतं हे ऐकून ती हसायची.

कुठल्याशा अनुदानातून कॉलेजात वल्हवण्याची एक मशीन आली होती. सरकत्या बैठकीवर बसून साखळी ओढायची, की समोरचं चाक फिरायचं आणि किती मीटर झाले ते आकड्यात दिसायचं. पोरं आरशापुढं डंबेल उचलायची आणि घामेजलेले टॉवेल या मशीनवर वाळत घालायची. स्वाती नरोटे तिच्याकडे वळली ती नाइलाजानं. एटापल्लीच्या पलीकडच्या जंगलातल्या एका पाड्यावरची ही पोरगी होस्टेलला राहून पोलीस भरतीसाठी धावत होती. पाय मुरगळला, डॉक्टरनं महिनाभर धावायला बंदी केली, म्हणून ती या बैठकीवर येऊन बसली.

तिसऱ्या आठवड्यात संघपालनं सहज तिच्याकडून दोन हजार मीटर मारून घेतले. शर्यतीचं अंतर तेवढंच असतं. आठ मिनिटं बावन्न सेकंद. पुण्याला वर्षभर शिकलेल्या मुली याच्या आसपास असायच्या. तो आकडा त्यानं पुन्हा वाचला, आणि घरी गेल्यावर अंजनाला सांगितला. अंजनाला त्यातलं काही कळलं नाही. पण नवरा जेवताना आपणहून बोलतोय हे तिला कळलं. अंकुश गेल्यापासून त्या घरात फारसं कुणी बोलत नव्हतं.

अंकुश त्यांचा एकुलता मुलगा. अकराव्या वर्षी सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेला. त्याचं रक्त तपासलं तेव्हाच नवरा-बायकोला समजलं, की दोघंही वाहक आहेत. हा आजार आपल्याला न होता आपल्या रक्तातून पोराकडे गेला आहे.

पायाचं दुखणं बरं झाल्यावरही स्वाती मशीनवरच येत राहिली. एके दिवशी ती चाचरत म्हणाली, की तिच्याकडे सरकारी तपासणीत मिळालेलं सिकलचं कार्ड आहे, ती वाहक आहे, तर हे चालेल ना. संघपालला उत्तर शोधावं लागलं नाही.

"वाहकाले काही होत नाई," तो म्हणाला. "मीबी वाहकच आहो. सहा वर्षं नाव वल्हवली, मले काय झालं?"

तो खोटं बोलत नव्हता. दवाखान्यात त्याला हेच सांगितलं होतं, आणि त्याच्या स्वतःच्या शरीराची साक्ष होती.

त्या दिवसापासून त्यानं तिला रीतसर शिकवायला घेतलं. राज्याची मशीनवरची स्पर्धा एप्रिलअखेर पुण्यात होती. तिथं पदक मिळालं तर पुढं मोठ्या स्पर्धांचा रस्ता होता, आणि त्या रस्त्यानं खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी. स्वातीला घाई होती. ती पहिल्याच दिवसापासून झटके मारायला बघायची. संघपाल तिला धरून ठेवायचा. आठवड्यातले तीन दिवस नुसता दम वाढवायचा. चाळीस मिनिटं सलग, मिनिटाला वीसच वल्ही, बाजूच्याशी बोलता आलं पाहिजे अशा बेतानं. ती कंटाळायची. मग तो तिला तिच्या गावाबद्दल विचारायचा, आणि मशीनच्या घरघरीत ती बोलत राहायची. बाप बुधू, आई नीलाबाई, मोहफुलं वेचायला पहाटे निघावं लागतं, अस्वलं त्याआधीच येऊन गेलेली असतात. दोन दिवस वेगाचे. पाचशे मीटर जीव तोडून, मग तीन मिनिटं विसावा, असं आठ वेळा. "वेग पाह्यजे असन तं आधी हळू चालाले शिकाव लागते," हे त्याचं वाक्य तिला पाठ झालं होतं.

आकडे उतरत गेले. जानेवारीत आठ वीस. मार्चमध्ये आठच्या आत. वल्हं ओढताना तिची पाठ एका रेषेत मागं जायची आणि चाकातून एकसारखा वारा निघायचा. तो आवाज ऐकताना संघपाल डोळे मिटायचा. त्याला पाणी ऐकू यायचं. मग मात्र तिच्या जागी तो स्वतःलाच पाहायला लागला. हे त्याला नंतर कळलं.

पुण्याला जायच्या आठ दिवस आधी शेवटची चाचणी होती. सकाळी व्यायामशाळेत पोरांची गर्दी, म्हणून अकराची वेळ ठरली होती. ब्रह्मपुरीचा एप्रिल, बाहेर पारा चव्वेचाळीसवर. सुरुवात करायच्या बेतात असतानाच लाईन गेली आणि पंखा थांबला. मशीनचा आकडा सेलवर चालायचा, त्याला लाईन लागत नव्हती. संध्याकाळी करू, असं संघपालच्या ओठांवर आलं होतं. पण ती तयार होऊन बसली होती, आणि त्यालाही आकडा बघायचा होता.

हजार मीटरला ती ठरवल्यापेक्षा पुढं होती. पंधराशेलाही. सोळाशेच्या पुढं तिचा चेहरा बदलला. सतराशेला तिनं मान न वळवता म्हटलं, "भाऊ, पायात जीव नाई. बस करू का?"

दुखतंय असं ती म्हणाली नव्हती. जीव नाही, असं म्हणाली होती. संघपालची नजर आकड्यावर होती.

"तीनशेच राह्यले," तो म्हणाला. "ओढ."

तिनं आणखी चार वल्ही ओढली. पाचव्याला पाय सरळ झालेच नाहीत. ती बैठकीवरून बाजूला कलंडली, आणि चाक कितीतरी वेळ एकटंच फिरत राहिलं.

ब्रह्मपुरीच्या दवाखान्यातून तिला नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी संघपालला बाकावर बसवून शांतपणे समजावलं. वाहकाला सहसा काही होत नाही, हे खरंच आहे. पण एवढं ऊन, एवढा ताण आणि न थांबणं हे सगळं एकत्र आलं, तर क्वचित रक्त आतल्या आत अडतं, स्नायू फुटतात आणि त्यांचा गाळ मूत्रपिंडात जाऊन बसतो. पाय जड पडले तेव्हाच थांबली असती, तर कदाचित निभावलं असतं. संघपालनं मान डोलावली. स्वातीला अकरा दिवस डायलिसिसवर ठेवलं. ती वाचली. मूत्रपिंडं मात्र जेमतेम अर्धी चालतील, असं सांगून तिला घरी पाठवलं.

कॉलेजनं कागदावर उष्माघात लिहिला. संघपालला कुणी काही विचारलं नाही. प्राचार्यांनी उलट त्याच्या पाठीवर हात ठेवला, वेळेवर दवाखान्यात नेलंस म्हणाले. कुणीतरी विचारावं म्हणून तो पावसाळाभर वाट बघत होता. अखेर त्यानं अंजनाला ते तीनशे मीटर सांगितले. ती तांदूळ निवडत होती. हात थांबवून तिनं सगळं ऐकलं, आणि म्हणाली, "मले सांगून काय होते? तिच्या मायबापाले सांगा."

धानकापणीच्या दिवसांत तो निघाला. गडचिरोली, आलापल्ली, एटापल्ली. पुढं जीपनं, आणि शेवटचा तुकडा पायी. पाड्यावर पोचेस्तोवर उन्हं कलली होती. बुधू खळ्यावरून आला, पाहुणा पाहून त्यानं अंगणात खाट टाकली. नीलाबाईंनी पाणी आणलं. स्वाती दारात येऊन हसली. चेहरा सुजट दिसत होता, हात बारीक झाले होते.

संघपालनं पाणी प्यायच्या आधीच सांगितलं. पोरगी बस करू का म्हणाली, मी ओढ म्हणालो. नीलाबाईंना मराठी कमी कळायचं, म्हणून बुधूनं ते गोंडीत सांगितलं. दोन-तीनच शब्द लागले. बाई संघपालकडे बघत राहिल्या आणि मग आत चुलीकडे गेल्या.

बुधूनं विचारलं, "ते मशीन कुठी जाते, भाऊ?"

"कुठीच नाई. जागच्या जागी राह्यते."

"इतकी वल्हवली पोरीनं," बुधू म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरोखरच समजून घ्यायचं होतं. "मंग पोचली कुठी?"

जेवायला भात आणि अंबाडीची भाजी होती. नीलाबाईंनी पाहुण्याला आधी वाढलं, आणि न विचारता दुसऱ्यांदाही वाढलं.

सकाळी रस्त्यापर्यंत सोडायला स्वाती निघाली. नको म्हटलं तरी आली. वाटेत तिनं पोलीस भरतीचं काही काढलं नाही, कॉलेजचंही नाही. जीपचा आवाज दूरवर ऐकू आला, तेव्हा म्हणाली, "भाऊ, पुरे केले असते तं टाइम किती आला असता?"

तो हिशेब त्यानं शंभरदा केला होता. नाही कळत म्हणून सांगणं सोपं होतं.

"सात चव्वेचाळीस," तो म्हणाला.

"सात चव्वेचाळीस," ती हळूच म्हणाली. "पुण्यात पह्यली कितीत आली?"

"सात एकोणपन्नास."

तिनं मान हलवली. जीप आली. त्याची पिशवी तिनं आत सरकवून दिली आणि कुठं पोचले असते, ते बापाला सांगते म्हणाली.

जीप निघाली तसं त्यानं मागं वळून पाहिलं. पाड्याकडचा चढ फारसा नव्हता. ती चालत होती, पाठ ताठ ठेवून. अर्ध्यावर ऐनाच्या एका झाडाशी थांबली, खोडाला हात टेकला, आणि वर फांद्यांत काही दिसल्यासारखी मान वर करून बघत राहिली. जीपमधलं कुणी पाहत असेल तर त्याला वाटावं, पोरगी पाखरू बघतेय.

संघपालनं तोंड फिरवलं आणि समोरच्या रस्त्याकडे बघत बसला.