पापडाच्या डब्यातली पेटी

निरोप. कोसमघाटहून, डिंपलकडून. पिपरटोल्याला, दादाला.
«दादा, नाटकवाल्यांची तारीख अचानक मिळाली. शुक्रवारी आमची मंडई. आईला घेऊन ये, वहिनीलाही. हे म्हणतात, पुढच्या रांगेत खुर्च्या धरून ठेवतो.»
सध्या मुक्काम: चंद्रकुमारची पिकअप, सीटच्या मागे. पुढची गाडी भेटायची आहे.

पुढची गाडी म्हणजे कैलाशची काळी-पिवळी. पिपरटोला ते सालेकसा, दिवसातून जमतील तेवढ्या फेऱ्या. पिपरटोल्याला टॉवर नाही, कोसमघाटलाही नाही. मध्ये डोंगर आडवा पडलेला. फोन लावायचा तर सालेकस्याकडचा चढ चढून जायचं, आणि इतकं करून पलीकडच्या माणसाच्या फोनलाही रेंज नसली तर आपलेच पाय दुखवून परत यायचं.

म्हणून नागपूरच्या एका कॉलेजाने या भागात निरोपांच्या पेट्या बसवल्या होत्या. पेटीजवळ उभं राहून फोनवर निरोप लिहायचा आणि आलेला फोनवरच वाचायचा, टॉवर लागत नाही. दोन्ही गावांत एकेक, आणि दोन गाड्यांत एकेक: कैलाशच्या जीपमध्ये आणि त्याच्या धाकट्या बहिणीच्या, डिंपलच्या नवऱ्याच्या, चंद्रकुमारच्या पिकअपमध्ये. बसवायला आली होती त्याच कॉलेजात शिकणारी, सडक अर्जुनीची रीना. तिने कैलाशला सांगितलं होतं की दादा, निरोपाला पॅसेंजर समजा. गावातून तो तुमच्या गाडीत बसतो. वाटेत दुसरी गाडी शेजारी आली की तिच्यात बदलतो. ती भेटलीच नाही तर बसून राहतो, उतरत नाही, रागावतही नाही.

«असा पॅसेंजर पायजे,» कैलाश म्हणाला होता.

दोन्ही गावांचे रस्ते मोहफाट्यावर मिळतात. तिथे एक जुना मोह आहे आणि त्याच्याखाली सावली. काळी-पिवळी आणि पिकअप समोरासमोर आल्या की दोघं गाड्या खिडकीला खिडकी लावून थांबवायचे. या खिडकीतून त्या खिडकीत तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी जायची. मागचे पॅसेंजर ओरडेपर्यंत गप्पा चालायच्या, आणि तेवढ्यात सीटमागच्या पेट्याही आपसात निरोप उरकून घ्यायच्या. चंद्रकुमार म्हणायचा, या पेट्यांनाही सासरमाहेर कळतं, आपण बोललो तरच बोलतात.

मग धान निघालं.

धान निघालं की जीपमध्ये माणसांबरोबर पोती चढतात, पोत्यांबरोबर उंदीर. एका सकाळी पेटीची वायर कुरतडलेली दिसली. कैलाशने ती जोडली, पण जिवाला चैन पडेना. सरकारची नसली तरी कोणाची तरी वस्तू, विश्वासाने दिलेली. त्याची आई जमुनाबाई आत गेली आणि पापडाचा स्टीलचा डबा रिकामा करून घेऊन आली. चांगला जाड, घट्ट झाकणाचा, तिच्या लग्नातला. कैलाशने बुडाला खिळ्याने भोक पाडलं, वायर ओवली, पेटी आत बसवली, झाकण दाबलं. उंदराच्या आजोबालाही उघडणार नाही असं.

त्या दिवसापासून तो रोज सकाळी अंगणात झाकण उघडायचा. आत हिरवा दिवा. बरं आहे. झाकण बंद.

गावातली पेटी शाळेपाशी, जीप उभी राहायची पार दुसऱ्या टोकाला. गावातले निरोप गावातच साचू लागले. लोक थोडे दिवस आपसात कुरकुरले, मग सवयीने चढ चढून फोन लावू लागले. आणि चंद्रकुमारची पिकअप त्या आठवड्यात धान घेऊन दुसऱ्याच वाटेच्या राइसमिलवर जात होती. मोहफाट्यावर कोणी कोणाला भेटलं नाही.

शुक्रवारी दुपारी पिपरटोल्यातले अर्धे लोक नटूनथटून काळी-पिवळीत बसले. कुठे, विचारलं, तर म्हणाले, कोसमघाटची मंडई नाही का, तुझ्या जवायाच्या गावची. रात्री नाटक आहे. तुला ठाऊक नाही?

कैलाश म्हणाला, ठाऊक आहे.

मंडई म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, तिला कोणीही जावं, पण बहिणीच्या सासरी, तेही मंडईच्या दिवशी, मुलीकडच्याने बोलावणं आल्याशिवाय पाऊल टाकायचं नसतं. जाणाऱ्याचीही पत जाते आणि बहिणीचीही. त्याने गाडी कोसमघाटच्या वेशीपर्यंत नेली. भोंग्यावर गाणी लागली होती. पॅसेंजर उतरले, आकाशपाळण्याच्या दिशेने पांगले. कैलाशने स्टिअरिंग पूर्ण फिरवलं आणि रिकामी जीप घेऊन परत निघाला.

निरोप. कोसमघाटहून, चंद्रकुमारकडून. कैलाशभाऊला.
«भाऊ, तुमची गाडी वेशीवर दिसली. मी खुर्च्या पुसून ठेवल्या होत्या. तिथून परत काऊन गेले?»
सध्या मुक्काम: पिकअप, सीटच्या मागे. आधीच्या निरोपाच्या शेजारी.

मंडईनंतर पिकअप पुन्हा जुन्या वाटेला लागली. मोहफाट्यावर दोन्ही गाड्या रोज समोरासमोर येत. थांबत नसत. कैलाश त्या वेळी स्पीडचा काटा बघायचा. तो काटा कित्येक वर्षांपासून शून्यावर मेलेला होता. चंद्रकुमार उजवीकडच्या नाल्यात पाणी किती ते बघायचा, नाला कोरडा पडल्यावरही. एकमेकांची धूळ खाऊन दोघं आपापल्या गावी जायचे.

कैलाशचा हिशोब सरळ होता. पेटी चालू आहे, दिवा हिरवा आहे, म्हणजे निरोप पाठवलाच नाही. चंद्रकुमारचा हिशोबही सरळ. त्याच्याकडे निरोपापुढे ‹गावातून निघाला› असं दिसत होतं. मध्ये गाड्या भेटल्याच नव्हत्या हे त्याने धरलंच नाही; निघाला, तर पोचलाच असणार. पोचून माणूस वेशीवरून परत जातो, म्हणजे त्याला आपल्याशी नातं ठेवायचं नाही.

आणि या दोन सरळ हिशोबांच्या मध्ये डिंपल. भाऊबीजेला आली तेव्हाच तिला दिवस गेलेले होते. आता सातवा लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, आणि माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय लेक निघत नाही. सासरची गाडी तिला पोत्यासारखं आणून टाकणार नाही. त्यात पिपरटोल्याहून सालेकस्याचं सरकारी रुग्णालय जवळ. कोसमघाटहून वेळप्रसंगी काय करणार?

जमुनाबाईने मागची खोली सारवून घेतली होती. खाटेला नवा सुंभ ओढला होता. रोज संध्याकाळी ती जीपमध्ये डोकावायची, जणू कैलाश विसरून बहिणीला मागच्या सीटवर घेऊनच आला असेल.

«एक शब्द येऊ दे त्यायचा,» कैलाश म्हणायचा. «त्याच पावली जातो.»

«आणि नाई आला तर?»

«पेटी चालू हाय, आई. आला असता तर आला असता.»

जमुनाबाई म्हणाली, «शब्दाची वाट पाहून पाहून तुले भाचा दिसन तो लग्नाच्या मांडवात.»

माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरली. गोंड समाजाची माणसं छत्तीसगड, मध्यप्रदेश, तेलंगणाकडून आली होती. गुहेकडे जाणाऱ्या पायवाटेवर पिवळे फेटे, ढोल, ‹जय सेवा›. पायथ्याच्या शेतात गाड्याच गाड्या. कैलाशने पॅसेंजर उतरवले, जीप एका बांधाला लावली आणि पाय पसरून बसला. भंडाऱ्याच्या जेवणासाठी तांदूळ आणि पाणी वाहणारी पिकअप शेताच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. त्याने ती आल्याआल्या ओळखली होती, आणि म्हणूनच जीप या टोकाला लावली होती.

रीना परीक्षेसाठी नागपूरला गेली होती, ती यात्रेला परत आली. गर्दीत पेट्या कशा वागतात ते बघायला तिने आणखी पाचसहा जीपांत पेट्या ठेवल्या होत्या. कैलाशला बघून ती सरळ त्याच्याकडेच आली. धान निघाल्यापासून पिपरटोल्याचं काहीच येत नाही, म्हणाली. गाडी बंद होती का?

कैलाशला राग आला. एक दिवस गाडी बंद नव्हती. त्याने सीटमागून डबा काढला, ठणकन झाकण उघडलं आणि हिरवा दिवा दाखवला.

रीना डब्याकडे बघतच राहिली. «दादा, हे काय?»

«पापडाचा डबा. उंदरं वायर खाऊन रायले होते.»

ती हसली नाही. शेजारच्या जीपमध्ये एक पोरगा मोबाइलवरून छोट्या ब्लूटूथ स्पीकरवर गाणं वाजवत होता. रीनाने तो मोबाइल मागून घेतला, पेटी काढून त्या जागी मोबाइल ठेवला आणि झाकण दाबलं. गाणं अडखळलं. मग थांबलं. झाकण उघडलं, गाणं सुरू. पुन्हा दाबलं, बंद. पोरगा म्हणाला, ताई, मोबाइल वापस द्या.

«दिवा हिरवा म्हणजे पेटी जिवंत हाय,» रीना म्हणाली. «ती कोणाशी बोलून रायली, असं नाई होत.»

पेटी सीटवर उघडी पडली होती. तिचा दिवा आता स्थिर नव्हता, लुकलुकत होता. अडकलेले निरोप निघाले होते: त्या टोकाच्या पिकअपमधून तिच्या शेजारच्या जीपमध्ये, तिथून ट्रॅक्टरपलीकडच्या जीपमध्ये, तिथून बांधावर. कैलाशच्या खिशातला फोन थरथरला. निरोप उलटे येत होते, शेवटचा आधी.

निरोप. कोसमघाटहून, डिंपलकडून. दादाला.
«दादा, रुसला असशील तर रुस. पण मले घेऊन जा आणि मग रुस. आईच्या घरी बसून मी तुले मनवीन. इथून मनवता येत नाही.»

मग खुर्च्या पुसल्याचा. मग मंडईचा.

तिन्ही निरोप त्याने वाचले, मग पहिल्यापासून पुन्हा वाचले, कारण आता क्रम कळला होता. जीपच्या पायरीवर बसला. वेशीवर स्टिअरिंग फिरवलं तेव्हा भोंग्यावर कोणतं गाणं होतं तेही त्याला आठवलं.

फोनवर त्याने लिहिलं: «उद्या तुले घ्यायला येऊन रायलो.» पाठवला. रीना म्हणाली, पिकअपपर्यंत आत्ताच जाईल, पण पिकअप यात्रा संपेपर्यंत इथेच आहे. ती गावी गेल्यावर डिंपलताईला मिळेल.

«म्हणजे मीच आधी पोचतो.»

«तुम्ही आधी पोचता.»

त्याने रिकामा डबा उचलला आणि शेत ओलांडायला लागला. ट्रॅक्टर, बैलगाड्या, चहाचे ठेले. चंद्रकुमार पिकअपच्या मागे पाण्याच्या कॅन उतरवत होता. कैलाशला येताना बघून त्याने कॅन खाली ठेवला, आणि आता बघायला नालाही नव्हता.

«जवाईबापू,» कैलाश म्हणाला, «मंडईचं बोलावणं आत्ता पोचलं.»

चंद्रकुमारने त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग हातातल्या डब्याकडे. «नाटक तर संपलं, भाऊ.»

मग कैलाशने सगळं सांगितलं. उंदीर, खिळा, झाकण, रोज सकाळचा हिरवा दिवा. सांगताना त्याला ते सगळं इतकं मूर्खपणाचं वाटलं की मध्येच तो थांबला. चंद्रकुमारने डबा हातात घेतला, आत वाकून बघितलं, नाक घातलं.

«पापडाचा वास अजून येऊन रायला,» तो म्हणाला. आणि मग, डब्याच्या आतच बघत, «मले वाटलं, तुमाले आमचं घर नाई पटलं.»

कैलाशने खिशातून खर्र्याची पुडी काढली आणि पुढे केली.

दुसऱ्या दिवशी काळी-पिवळी कोसमघाटच्या वेशीवर थांबली नाही. जमुनाबाई पुढच्या सीटवर, मांडीवर शिदोरी. चंद्रकुमारच्या घरच्या अंगणात तीन प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या, पुसलेल्या, आणि एकीवर डिंपल बसली होती. तिला कोणी काही कळवलेलं नव्हतं. मंडईपासून त्या खुर्च्या तिने उचलूच दिल्या नव्हत्या, असं तिच्या सासूने जमुनाबाईला सांगितलं, थोडी तक्रार म्हणून, थोडं कौतुक म्हणून.

निरोप. कचारगडहून, दादाकडून. डिंपलला.
«उद्या तुले घ्यायला येऊन रायलो.»
कोसमघाटला पोचला, यात्रा संपल्यावर. घेणारी गावात नाही. परत पिकअपमध्ये.
मुक्काम: मोहफाटा. दोन गाड्या उभ्या आहेत, खिडकीला खिडकी. मागचे पॅसेंजर ओरडत आहेत.
मुक्काम: काळी-पिवळी, सीटच्या मागे, लाकडी खोक्यात.
पोचला. पिपरटोला, मागची खोली, नवा सुंभ ओढलेली खाट. वाचणारी वाचून हसली आणि पोटावर हात ठेवून म्हणाली, मामा येऊन रायले बरं का.