खळ्यातून चालत आलेला वीरगळ

मित्रांनो, मी सांगतो त्यावर कोणाचाच विश्वास बसणार नाही, तरी ऐका. मी एक जुना वीरगळ आहे. वलगावच्या स्मशानाजवळ, निंबाखाली उभा असतो. इंग्रजांशी झालेल्या अडगावच्या लढाईत गावचे जे शिपाई पडले, त्यांच्या नावाने पाथरवटाने मला घडवले. माझ्या अंगावर एक घोडेस्वार आहे. टाकीचा पहिला घाव बसताच त्याचा घोडा असा खिंकाळला, की पाथरवट पळत सुटला तो थेट अमरावतीला थांबला!

शिपायांची प्रेते गावी आलीच नाहीत. म्हणून अखजीला, पितरांना पाणी देण्याच्या दिवशी, लोक माझ्यापुढे नवी घागर ठेवत, शेंदूर लावत. गोदाबाई बापाच्या मरणानंतर जन्मली. माझ्यावरचा स्वार हेच तिला ठाऊक असलेले बापाचे तोंड.

पुढे गोदाबाई म्हातारी झाली, तेव्हा साता समुद्रांपलीकडे कुठेशी लढाई जुंपली आणि आमच्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बांधसुद्धा नांगरले. खुशालरावांनी तर मला उपटून खळ्यात नेले. भाव आणखी चढेल म्हणून राखलेला कापूस वाऱ्याने उडू नये, यासाठी मला ढिगावर ठेवले. माझ्या शेंदराला कापूस चिकटला. गाव आपापला कापूस तोलत राहिले.

अखजीला गोदाबाई डोक्यावर घागर घेऊन खळ्यात आली.

"खुशाल, माहा वीर दे."

"बुढे, मेलेल्याइले पानी पाजाले सवड कोनाले हाय? कापूस उडून जाईन ना!"

"उडू दे. कापूस पुढल्या साली येते. माहा बाप येते काय?"

ऊन चढले, दुपार टळली, तरी म्हातारी घागर खाली ठेवीना. शेवटी खुशालराव ढिगापासून बाजूला सरले. मला मात्र राहवेना. मी ढिगावरून उडी मारली आणि निघालो! नाला ओलांडला, निंबाखाली येऊन पाय रोवले. वाटेत कोणाचे बोटसुद्धा लागले नाही मला.

म्हणून सांगतो मित्रांनो, आपल्यासाठी पडलेल्यांची जागा नांगराखाली घालू नका. वर्षातून एक ओंजळ पाणी द्या, म्हणजे माझ्यासारख्या दगडालाही पाय फुटतात...

"पुरे कर, लबाडा!" घागर घेऊन आलेली गोदाबाईची सून सुभद्रा माझ्यापुढे ऐकत बसलेल्या पोरांच्या मागून कडाडली. घागर उतरवून तिने दोन्ही तळवे पुढे धरले. "चालत आला म्हनते! मंग आमी बायायनं नाल्यातून वढत आनला तो कोन व्हता? हे दोराचे वन पाहा माह्या हाताले!"