सकाळचा डाव

"फुमिएबाई, आज हे हरले तर पुढच्या वर्षी यांचं नाव घालणार नाही," मुरासे म्हणाला. आमच्या फुकुईतल्या करुता मंडळाचा, म्हणजे कवितांच्या पत्त्यांच्या खेळाच्या मंडळाचा, हा अध्यक्ष. पत्त्यावर हात कसा मारायचा ते माझ्या नवऱ्यानेच त्याला शिकवलं. गुरूची विद्या गुरूला.

शेवटच्या डावाला दहा मिनिटं होती. ह्यांच्या ओठाला अजून भाताचं शीत होतं.

"अगं, आपण जेवलो का?"

"जेवलात. आणि सकाळचा डाव जिंकलात."

"मी? काहीतरीच तुझं."

समोर हायासे, कॉलेजचा पोरगा, हात विजेसारखा. शंभर कवितांपैकी निम्म्यांचेच पत्ते चटईवर मांडतात, अर्धे आपल्याकडे, अर्धे समोर; वाचतात मात्र शंभरांतली कुठलीही. कवितेचा पहिला सूर ऐकला की तिचा पत्ता उडवायचा. आपल्याकडचे आधी संपवेल तो जिंकला. चुकीचा पत्ता उडवला, तर समोरचा त्याच्याकडचा एक पत्ता आपल्या गळ्यात घालतो.

हायासेकडचे पत्ते कुठे आहेत, ते ह्यांच्या ध्यानात राहीना. माझा जीव टांगणीला. पण स्वतःच्या बाजूला हे तरुणपणापासून ठरल्या जागीच पत्ते मांडतात, तिथे डोक्याला विचारतंय कोण? हात आपला आपण जात होता. पत्ते भिंतीवर आपटत होते. शेवटी दोघांकडे एकेकच उरला.

कविता वाचणारीच्या तोंडून सूर निघाला आणि हायासे झेपावला. त्याने आपल्याच कोपऱ्यातला पत्ता उडवला आणि त्याचा चेहरा पडला. वाचलेल्या कवितेचा पत्ता चटईवर नव्हताच. हायासेच्या सकाळच्या डावात मात्र तो पत्ता त्याच कोपऱ्यात होता. नव्या डावाला बसताना मागचा डाव विसरावा लागतो, आणि ते भल्याभल्यांना जमत नाही. आमच्या ह्यांना सकाळी आपण खेळलो हेच ठाऊक नव्हतं. ह्यांचा हात मांडीवर तसाच होता.

ह्यांनी आपला शेवटचा पत्ता हायासेकडे सरकवला. मी या वयात ताडकन उठून उभी राहिले. मुरासेने वाकून नमस्कार केला.

"पुढच्या वर्षीचं नाव आत्ताच घालतो," तो म्हणाला.

ट्राममध्ये ह्यांनी विचारलं, "अगं, सामना कधी आहे?"

जेवणाचं कुणी दुसऱ्यांदा विचारलं तरी मी खेकसते. सामन्याचं मात्र मी पहिल्यापासून सांगितलं. घर येईपर्यंत पुन्हा दोनदा सांगितलं. सांगता सांगता हायासे झेपावला तिथे आले की हे दर वेळी माझं मनगट घट्ट धरत.

"आणि मी काय केलं?"