कालविओचं अस्तर

"हे चिलखत वाढलंय," माझा नवरा कालविओ माझ्या डोक्यावरून पुटपुटला. मी त्याच्या पोटाशी गुडघे टेकून पुढच्या नाड्या आवळत होते.

"लोखंड कधी वाढतं का?"

"लोखंड नाही गं, आतल्या वाद्या. दासियुस हल्ली कसलंही कातडं लावतो."

दासियुस आमच्या रोमन छावणीत चिलखतं दुरुस्त करतो आणि वीस वर्षं कालविओच्या शिव्या खातोय. तक्रार अगदीच खोटी नव्हती. लोखंडी पट्ट्या एकीखाली एक, आतून चामड्याच्या वाद्यांवर जडवलेल्या असतात. चामडं सैलावलं की सगळा डोलारा लोंबायला लागतो. दासियुसनं मुकाट्यानं नव्या वाद्या घातल्या. तरी सैलच. मग मी नाड्या इतक्या आवळल्या, की पट्ट्यांची टोकं एकमेकांवर चढली.

शेवटी पाळी माझ्यावर आली. छावणीबाहेरच्या वस्तीत चिलखताखालची अस्तरं मीच शिवते. तागाचे दोन थर, मध्ये लोकर, गोधडीसारखे टाके, खांद्यांवर लोकर दाबून केलेल्या नमद्याच्या घड्या. सगळं ओझं खांद्यावरच येतं ना.

"वहिनी, खांद्यांवर एक थर वाढवा," दासियुस जमिनीकडे बघत म्हणाला.

मी वाढवला. पुढच्या महिन्यात छातीवर भरलं, मग पाठीत बोकडाचे केस कोंबले. का, ते त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. कालविओ घरी मसुराचं कालवण अर्धं टाकून म्हणायचा, "छावणीत जेवलो." छावणीत म्हणायचा, "घरून जेवून आलोय." वैद्याचं नाव काढलं की उठून जायचा. पंचवीस वर्षांच्या नोकरीतले आठ महिने उरले होते आणि त्याला छावणीच्या दारातून स्वतःच्या पायांनी बाहेर पडायचं होतं, आजाऱ्यांच्या खोलीतून नाही.

मग मोहिमेसाठी सैनिकांची तपासणी झाली. नायकानं त्याच्या छातीवर थाप मारली. "म्हाताऱ्या, बायको चांगली खाऊ घालते की तुला." आणि डॅन्यूब नदी ओलांडून लढायला जाणाऱ्यांच्या यादीत त्याचं नाव घातलं. तीन दिवसांनी निघायचं होतं.

"आपण दोघांनीच त्याला गुटगुटीत केलं, वहिनी," दासियुस म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अस्तर मांडीवर घेतलं आणि उसवायला बसले. माझेच टाके, आणि बारीकही मेले इतके, की बोटं दुखली. कालविओ उठला तेव्हा जमिनीवर कोकराएवढा ढीग पडला होता. मी पातळ झालेलं अस्तर त्याच्या अंगात चढवलं, वर चिलखत घातलं. नाड्या मात्र बांधल्या नाहीत.

खांद्याच्या पट्ट्या घसरून गळ्याच्या हाडांवर टेकल्या. तेवढ्यात दासियुस बिजागरी ठोकायची हातोडी घेऊन आला आणि दारातच थांबला.

"एवढी लोकर?" कालविओनं विचारलं.

"पाच महिन्यांची," मी म्हटलं.

"बोकडाचे केस वेगळे," दासियुस म्हणाला.

कालविओनं पायाच्या अंगठ्यानं ढीग जरासा ढकलला. मग बाकावर बसला, हळूच, चिलखताचा आवाज होऊ न देता. मी शेजारी बसले. त्यानं माझी दुखरी बोटं हातात घेतली आणि एकेक चोळत राहिला.

"चिलखत तेवढंच आहे," तो म्हणाला. "मीच आटत चाललोय. वैद्याकडे न्या मला."