न छाटलेला ऐन

उद्या सकाळी आठला जेसीबी येणार होता आणि मला माझं शेत सापडत नव्हतं.

सव्वीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात लेथवर उभं राहून मी एकच स्वप्न पोसलं होतं. निवृत्त झालो की हरसूलजवळच्या आमच्या उतारावर केशर आंब्याची कलमं लावायची. वडील, झिपरू, जाऊन पंधरा वर्षं झाली, तेव्हापासून जमीन पडीक. सुट्टीला गावी यायचो, पण एवढं वर कोण चढतो? आता साफसफाईला यंत्र ठरवलं आणि हद्द पाहायला आदल्या दिवशी आलो. ठमाबाईला, म्हणजे आईला, घरी बस म्हटलं होतं. ऐकेल तर ती आई कसली.

दसरा नुकताच झाला होता. धुकं अजून रेंगाळत होतं आणि पानांतून गाळून येणारं ऊन हिरवं दिसत होतं. दोनदा वर गेलो, दोनदा खाली आलो. सगळीकडे रानच. शेवटी वैतागून एका डेरेदार झाडाखाली बसलो.

"याला म्हणतात सावली," मी म्हणालो. "ज्याचं कुणाचं रान असेल, तो नशीबवान."

आईनं तोंडाला पदर लावला. तिला हसू येत होतं हे मला फार उशिरा कळलं.

माझा डोळा लागला. झोपेत झाडं उतार चढत होती, बाजार उरकून घरी निघालेल्या बायांसारखी, सावकाश. कुणालाच घाई नव्हती. मलाही नव्हती, आणि असं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

जागा झालो तेव्हा आई त्याच झाडावरून हात फिरवत होती.

"काखेत कळसा न् गावाला वळसा," ती म्हणाली. "आपल्याच वावरात झोपला तू, वाल्मीक. हा आपला ऐन हाय."

माझा विश्वास बसेना. आमचे ऐन म्हणजे नुसते खांब. दरवर्षी वडील राबासाठी कोयत्यानं त्यांच्या फांद्या उतरवायचे. त्या वाळवून रोपाच्या जागेवर जाळायच्या आणि राखेत नागली पेरायची. आमच्या ऐनालाही डेरा फुटू शकतो, हे माझ्या कधी मनातही आलं नव्हतं.

"हात लाव," आई म्हणाली.

सालीवर गाठी होत्या, एकावर एक, आईच्या बोटांच्या सांध्यांसारख्या. प्रत्येक गाठ म्हणजे एका सालाचा कोयता.

"एवढं सगळं कुणी लावलं गं?"

"कुणी नाय. आधी गवत आलं. मग पाखरांनी करवंदं पेरली. काट्यात गुरं तोंड घालत नाय, तर त्या जाळीत बाकीची रोपं वाढली. बुंधे तर जितेच व्हते." तिनं पुन्हा बुंध्यावरून हात फिरवला. "मी दर साली येऊन बघते. तुला नाय सांगितलं."

मला राग आला. माझी कलमं, माझी सव्वीस वर्षं, आणि ही पंधरा वर्षं गुपचूप रान वाढताना बघत होती.

"आधी का नाही बोललीस? उद्या यंत्र येतंय."

"वावर तुझं हाय. पण तुझा बाप फांदीला कोयता लावायच्या आधी झाडाला काय म्हणायचा, ध्यानात हाय?"

होतं. लहानपणी मी त्यावरून त्यांची चेष्टा करायचो. ते बुंध्यावर हात ठेवून म्हणायचे, "यंदा घेतो, पुढल्या साली सोडतो." पुढल्या साली पुन्हा तेच. पोटापुढे काय करणार? चाळीस वर्षं त्यांना तो शब्द पाळता आला नाही.

"मेल्यावर पाळला," आई म्हणाली, आणि पदरानं डोळे पुसले.

मी उठलो. ऐनाच्या गाठीवर हात ठेवला आणि वडिलांचं वाक्य म्हणून बघितलं. "यंदा घेतो" एवढं काही केल्या तोंडातून निघेना. पुढचं मात्र आपसूक निघालं.

"सोडतो," मी म्हणालो.

मग जेसीबीवाल्याला नको म्हणून सांगायला, रेंज शोधत टेकाडावर चढलो.